शून्य आमदारांवरून थेट सत्ता: त्रिपुरा

विरोधकांचा जुना बालेकिल्ला असलेलं राज्य एखादा पक्ष जिंकू शकतो का? हो, त्रिपुरा बघा. २०१३ मध्ये भाजपचा तिथे एकही आमदार निवडून आला नाही, मतं जेमतेम दीड टक्का. २०१८ मध्ये ६० पैकी ३६ जागा आणि डाव्यांची सलग २५ वर्षांची सत्ता गेली. प्रभारी होते सुनील देवधर, मराठी माणूस.

पण नीट बघा, डाव्यांपैकी एकट्या माकपला तेव्हाही ४२ टक्के मतं होती. रिकामी झाली ती काँग्रेस: ३६ टक्क्यांवरून दोनाच्या आत. तिचे सहा आमदार आधी तृणमूलमध्ये गेले, २०१७ मध्ये भाजपमध्ये. शिवाय आदिवासी भागात आयपीएफटी या स्थानिक आदिवासी पक्षाशी युती, कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगाचं आश्वासन. माझ्या मते, विखुरलेली विरोधी मतं एकवटली तिथेच निकाल लागला.