ओट्यावरचा नळ हलतोय? पांढरं सिमेंट भरू नका

तुम्ही लिहिलंय की मुलुंडच्या फ्लॅटमध्ये काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सिंकमागे लावलेला स्वान नेक (हंसाच्या मानेसारखा वर वळलेला) नळ डुगडुगतो. प्लंबरनं दोनदा बुडाशी पांढरं सिमेंट भरलं, दोन्ही वेळा महिनाभरात ते फुटलं, आणि आता तो ओट्याचा दगडच बदलायला सांगतोय. ताई, दगड बदलू नका. दगडाचा यात काही दोष दिसत नाही.

असा नळ दगडाच्या खालून आवळलेला असतो. भोकातून खाली आलेल्या आट्यांवर एक मोठा चेकनट असतो. गरम-गार पाण्याचा एका दांडीचा मिक्सर नळ असेल तर बारीक सळईवर छोटा नट आणि घोड्याच्या नालेसारखी पत्रीची चकती. वरचं सिमेंट फक्त फट झाकतं. नळ हलला की ते तडकणारच, आणि त्या भेगेतून पाणी खाली जाऊन ट्रॉलीचं प्लायवुड फुगतं. शिवाय हलणारा नळ खालच्या कनेक्शन पाइपला रोज पीळ देतो. तो पाइप रात्री फुटला तर खालच्या मजल्याचं छत भिजतं, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

आधी नक्की काय हलतंय ते बघा. एका हातानं नळाचं बूड दगडावर दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं मान फिरवा. नुसती मान लटपटत असेल तर मानेच्या सांध्यातला ओ-रिंग (रबराची गोल कडी) झिजलाय, खाली जायची गरजच नाही. बूडही फिरत असेल तर नट सैल आहे.

नट सैल का झाला, हे मात्र सोडू नका. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण त्या मानेतच सापडतं. ओ-रिंग कोरडा पडला किंवा त्यावर क्षार बसले की मान जड फिरते. कुकर धुवायला, कळशी भरायला आपण दिवसातून पन्नास वेळा ती ढकलतो. मान फिरत नाही, मग तो जोर बुडाला लागतो आणि नट केसाकेसानं उलगडत जातो. तेव्हा मान काढा, सांधा पुसा, ओ-रिंग चिरला असेल तर तसाच नवा घाला आणि सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल किंवा व्हॅसलिन लावू नका, त्यानं काही प्रकारचं रबर फुगतं. मान एका बोटानं फिरली पाहिजे. हे न करता नुसता नट आवळलात तर तो पुन्हा सुटेल.

आता खालचं काम. सिंकखालची ट्रॉली रिकामी करा आणि अँगल कॉक (नळाचं पाणी बंद करायचे भिंतीवरचे छोटे कॉक) बंद करा. जुने कॉक पुष्कळदा पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून नळ उघडून धार थांबलीय का ते बघा. नसेल तर टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा. कपाटाच्या कडेवर जुनी गोधडी दुमडून ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत पाठ धरते. सिंकच्या भांड्यामागे साधा पाना फिरतच नाही, तिथे नळीसारखा लांब बॉक्स पाना लागतो. माझ्याकडे ११ आणि १३ नंबरचे आहेत, पण तुमचा नट मोजूनच घ्या. मोठ्या चेकनटाला बेसिन पाना लागतो. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे नसेल तर नागदेवी स्ट्रीटला मिळेल.

नट गंजून बसला असेल तर भेदक तेल फवारून अर्धा तास थांबा. मुंबईच्या दमट हवेत लोखंडी नट-वॉशर टिकत नाहीत, म्हणून पितळी किंवा स्टेनलेसचेच घाला. क्रम असा: दगडाला लागून रबर, त्याखाली धातूची चकती, मग नट. रबर दाबून कागदासारखं झालं असेल किंवा चुरा होत असेल तर बदला. सगळी पकड त्यावरच असते.

वर घरातल्या कुणाला तरी नळ सरळ धरून उभं करा. नट आधी हातानं बसवा, मग पान्यानं पाव-पाव वळसा द्या. बूड हलायचं थांबलं की तुम्हीही थांबा. सिंक आणि भिंत यांच्यामधली ग्रॅनाइटची पट्टी अरुंद असते, जास्त आवळलं तर ती भोकापासून चिरते. सळईवर जागा असेल तर दुसरा नट पहिल्यावर आवळा, म्हणजे पहिला सुटत नाही. आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळून काही होत नाही, ते पाणी अडवायला असतं.

भोक मोठं असेल तर चकती अर्धी हवेत राहते. मग खालून दोन-तीन मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची मोठी पट्टी, मधे भोक पाडून, लावा. आमच्या लालबागच्या खोलीत कडाप्प्याचा ओटा होता. भोक मोठं करायला छिन्नी-हातोडा चालवला गेला आणि खालून तळहाताएवढा पापुद्रा निघाला. कडाप्पा थरांचा दगड, त्यावर ठोके कधीच मारू नयेत. नटाला सपाट जागाच उरली नाही. मी तो भाग पूर्ण वाळवला, एम-सीलनं सपाट केला, रात्रभर कडक होऊ दिला आणि वर पट्टी लावून नळ आवळला. आई तिथे राहत होती तोवर तो नळ हलला नाही. तुमच्याकडे कधी भोक वाढवायची वेळ आली तर हिऱ्याच्या कोअर बिटानं (गोल भोक कापणाऱ्या नळीसारख्या पात्यानं), पाणी सोडत, ड्रिलचा हॅमर बंद ठेवूनच करून घ्या.

सगळ्यात शेवटी, जुनं सिमेंट खरवडून, बुडाभोवती सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कडाप्पा, संगमरवर यांसारख्या चुनखडीच्या दगडावर डाग पाडतं. ग्रॅनाइटला तो धोका कमी, तरी न्यूट्रलच बरं. ते वाळेपर्यंत एक दिवस नळाला धक्का लागू देऊ नका.

पाणी सुरू केल्यावर कनेक्शन पाइप कोरडे पुसा आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागदावर थेंबाचा डाग असेल तर तो कोणत्या सांध्याखाली आहे ते बघून इथे लिहा, आणि खालून काढलेला एक फोटोही टाका. चेकनट आहे की सळई, ते कळलं की पुढचं नेमकं सांगता येईल.