बी.एस्सी.साठी जळगावचे स्वायत्त महाविद्यालय निवडावे की तालुक्याचे, जिथे गुण सहज मिळतील?

तालुक्याच्या संलग्न (विद्यापीठाला जोडलेल्या, स्वायत्त नसलेल्या) महाविद्यालयांत सत्राअखेरची लेखी परीक्षा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची असल्याने चोपडा असो वा शहादा, प्रश्नपत्रिका एकच येते. ‘सहज गुण’ मिळतात ते मुख्यतः अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः द्यायच्या गुणांत. जळगावच्या मूळजी जेठासारखे स्वायत्त महाविद्यालय मात्र अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी तेवढी विद्यापीठाची असते. त्यामुळे दोन्हींकडील सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी) शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

आयआयटीतील एम.एस्सी.चा प्रवेश जॅम या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतील गुणांवर होतो. तसा विचार असेल, तर ज्या विभागात प्रयोगशाळा नियमित चालते आणि शिक्षकांची पदे भरलेली आहेत, तो विभाग थोडे गुण कमी पडले तरी निवडावा. (रिक्त पदांची चौकशी संकोच न करता करावी, प्रवेशाच्या गर्दीत हे कोणी आपणहून सांगत नाही.) नोकरीसाठी विशिष्ट टक्केवारीची अट असल्यास गणित बदलते.

प्रवेशापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटून, त्यांच्यापैकी बारावीला तुमच्याइतकेच गुण असलेल्यांना पहिल्या सत्रात काय मिळाले आणि किती विषय राहिले, हे अवश्य विचारावे. अशांपैकी बहुतेकांचे विषय राहिले असतील, तर ते महाविद्यालय तूर्त तुमच्यासाठी जड आहे.