गो या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या कोडमध्ये फंक्शनच्या नावातच 'लहान-मोठं'ची चिन्हं (< आणि >) दिसतात, तरी कंपाइल कसं होतं?

कारण ती चिन्हं तशी नाहीतच. ती कॅनडातल्या क्री, इनुक्टिटुट वगैरे भाषांच्या लिपीतली अक्षरं आहेत. युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) मध्ये क्रीचं यू+१४३८ (ᐸ) म्हणजे 'प', यू+१४३३ (ᐳ) म्हणजे 'पो'. आकार तोच, वळवला की स्वर बदलतो. (काय सुटसुटीत लिपी आहे!) युनिकोडच्या लेखी ही सरळ अक्षरं, आणि गो नावात कुठलंही युनिकोड अक्षर चालवून घेते. २०२२ मध्ये १.१८ येईपर्यंत गोमध्ये जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या डेटासाठी वापरायची सोय, जी बऱ्याच भाषांत < > मध्ये लिहितात) नव्हते, तेव्हा टेम्प्लेटमध्ये, म्हणजे प्रकाराचं नाव बदलून पुन्हा वापरायच्या साच्यात, ही शक्कल निघाली.

नव्या कोडमध्ये मात्र नको. कीबोर्डवरचं चिन्ह टाकून शोधलंत तर ते नाव सापडणारच नाही, आणि नॉर्मलायझेशननेही (युनिकोड मजकूर एकसारख्या रूपात आणण्याची प्रक्रिया) ती अक्षरं बदलत नाहीत. शंका आली की अक्षराचा कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक) छापून बघा.