पहिल्या टप्प्याच्या चाचण्या आणि इम्युनोथेरपीची आशा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग असून त्यांची केमोथेरपी सुरू आहे. रोगप्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या एका नव्या औषधाची माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाल्याचे वाचले. किमो थांबवून त्यांचे नाव तिथे घालावे का? (ऐरोली)

किमोचा गुण येत असेल, तर ती थांबवू नका. पहिल्या टप्प्यात औषधाने रोग बरा होतो का, हा मुख्य प्रश्नच नसतो. ते माणसाला सोसते का आणि किती मात्रेपर्यंत सोसते, हे तिथे प्रामुख्याने पाहिले जाते. बहुधा तीन-तीन रुग्णांचे गट करतात, पहिल्या गटाला अगदी कमी मात्रा देऊन काही आठवडे लक्ष ठेवतात आणि गंभीर त्रास दिसला नाही, तरच पुढच्या गटाची मात्रा वाढवतात. त्यामुळे सुरुवातीला दाखल झालेल्या रुग्णाला गुण येण्याइतकी मात्रा मिळेलच असे नाही, आणि संमतीपत्रावर सही होण्याआधी घरातल्या सर्वांना हे नीट समजलेले असावे. ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) चेतवणारे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने दिले गेले आणि काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले, जरी प्राण्यांवरील प्रयोगांत तसे काही आढळले नव्हते. सुदैवाने सारे वाचले.

चाचणीचा विचार करण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा : वडिलांच्या बायोप्सीच्या नमुन्याची पीडी-एल१ (कर्करोगाच्या पेशींवरचे, टी-पेशींना रोखणारे प्रथिन) तपासणी झाली आहे का? टी-पेशींना लागलेला ‘ब्रेक’ सोडवणारी औषधे फुप्फुसाच्या कर्करोगासाठी केव्हाच मान्य झाली आहेत. ज्या संशोधनातून ती आली, त्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ती वडिलांना लागू पडत असतील, तर चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रश्न : खारघरला कार-टी उपचार होतात असे ऐकले. बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे. तिला ते घेता येतील का? (कामोठे)

आज तरी नाही, आणि हे लिहिताना मलाही वाईट वाटते. या उपचारात रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त त्याच बैठकीत परत देतात. मग टी-पेशींमध्ये प्रयोगशाळेत नवे जनुक घालून त्या वाढवतात, गोठवून ठेवतात आणि शेवटी एका लहानशा पिशवीतून शिरेवाटे सोडतात. हे सोडणे काही मिनिटांचेच असते. खरी कसोटी पुढच्या दिवसांत लागते, कारण चेतलेल्या पेशींमुळे तीव्र ताप येऊ शकतो आणि रक्तदाब घसरू शकतो. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संशोधन व उपचार संस्थेत ४ जून २०२१ रोजी देशातील असा पहिला उपचार झाला. आयआयटी मुंबईत जन्मलेल्या या उपचाराला, म्हणजे ‘नेक्सकार१९’ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. मात्र उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले.

हा उपचार बी-पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) रक्तकर्करोगांसाठी आणि लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी, आहे. त्या पेशींवरील सीडी१९ ही खूण हेरून टी-पेशी हल्ला करतात. त्यात निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस औषधोपचारांच्या आधाराने जगू शकतो. स्तनाच्या गाठीवरच्या खुणा मात्र इतर अवयवांवरही थोड्याफार असतात, शिवाय गाठीभोवतालचे वातावरण टी-पेशींना निष्प्रभ करते. जगभरच्या सुरुवातीच्या चाचण्या याच दोन अडचणींवर चालल्या आहेत.

प्रश्न : भावाला तोंडाचा कर्करोग पुन्हा उलटला आहे. इम्युनोथेरपीचा खर्च आम्हाला झेपणार नाही. (कळवा)

मला सर्वाधिक आशा वाटते ती इथेच. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाने घेण्याच्या स्वस्त औषधांच्या जोडीला अर्ध्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब (वर सांगितलेला टी-पेशींचा ‘ब्रेक’ सोडवणारे औषध) केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दिले गेले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. याने रोग समूळ जातो असे नाही, पण भावाला ही कमी मात्रा चालेल का, हे त्याच्या डॉक्टरांना नक्की विचारा.

प्रश्न : एका खासगी दवाखान्यात ‘प्रतिकारपेशी वाढवून देण्याची ट्रायल’ म्हणून काही लाख रुपये मागत आहेत. पैसे भरावेत का? (वर्तकनगर, ठाणे)

भरू नका. रीतसर चाचणीत प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांचीही तरतूद आहे, आणि कोणत्याही क्षणी, कारण न देता, रुग्णाला बाहेर पडता येते. दवाखान्याकडे सीटीआरआयचा (देशातील चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र मागा. तो क्रमांक या नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. तिथे त्याच रुग्णालयाचे आणि त्याच आजाराचे नाव आहे का, हे स्वतः पाहा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर रुग्णाचे सारे रिपोर्ट परत घेऊन थेट कर्करोगतज्ज्ञाकडे जा, कारण अशा ठिकाणी पैशांबरोबर उपचारांचे मोलाचे आठवडेही जातात.