सगळं ओपन सोर्स, तरी डी-स्टार ते डीएमआर जोडायला डोंगल का लागतो?

प्रश्न: साताऱ्यात रास्पबेरी पायवर हॉटस्पॉट (हॅम रेडिओ इंटरनेटशी जोडणारं छोटं यंत्र) चालतो, सॉफ्टवेअर सगळं मुक्त. मग डी-स्टारचा आवाज डीएमआरवर (दोन्ही डिजिटल रेडिओच्या पद्धती) न्यायला यूएसबी डोंगल कशाला?

कारण अडचण आवाजाच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून बिटमध्ये बसवण्याच्या पद्धतीत आहे. दोन्ही पद्धती डीव्हीएसआय कंपनीचा एएमबीई कोडेक वापरतात. तो बंदिस्त आहे, आणि दोन्हीकडची आवृत्तीही वेगळी: डी-स्टारला 2400 बिट प्रतिसेकंद, डीएमआरला 2450. नुसता हॉटस्पॉट बिट उघडतच नाही, जसेच्या तसे पुढे ढकलतो, म्हणून तिथे कोडेक लागत नाही. डीएमआर ते फ्यूजनही (येसू कंपनीची पद्धत, तिचा डीएन मोड) याच कारणाने डोंगलशिवाय चालतं, कोडेक एकच. डी-स्टार मात्र उलगडून पुन्हा बांधावा लागतो, आणि ते काम डोंगलमधल्या एएमबीई-3000 चिपचं.

डोंगल लावल्यावर तो गप्प बसला तर आधी बॉड रेट (डोंगलशी बोलण्याचा वेग) बघा. थंबडीव्ही नावाचे जुने डोंगल 230400 वर बोलतात, नवे 460800 वर. चुकीचा रेट दिला की काहीच उत्तर येत नाही, आणि माणूस उगाच डोंगल खराब समजतो. आवाज तुटत असेल तर डोंगलमधल्या एफटीडीआय या यूएसबी चिपचा लेटन्सी टायमर (डेटा पुढे द्यायच्या आधी थांबायची वेळ) 16 मिलिसेकंदांवरून 1 वर आणा. वीज जाऊन आली की यूएसबी पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, त्यामुळे यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी यंत्रणा) नियमात डोंगलचा सिरीयल नंबर टाकून कायमचं नाव द्या. हे चुकवू नका.

पूर्ण मुक्त आवाज हवा असेल तर डेव्हिड रो यांचा कोडेक-2 आहे. एम-17 ही मुक्त रेडिओ पद्धत त्यावरच चालते, आणि फ्रीडीव्ही या मुक्त पद्धतीचे बरेच मोडही. फक्त समोरच्याकडेही तेच हवं.