दुबईचं राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

उदगीरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 38, हार्डवेअरचं दुकान, थोडी शेती, मुलगी दहावीला. पुढच्या महिन्यात नवरा-बायको पाच दिवस दुबईला चाललेत. विचारलंय की दिरहम (तिथलं चलन) कॅश न्यावेत का फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून न्यायचं कार्ड), आणि बायकांना 40 ग्रॅम सोनं ड्युटी फ्री आहे म्हणे, तर मिसेससाठी चार तोळे आणावेत का. खाली जाता जाता लिहिलंय, "माझी टूर फ्री आहे, एजंटनं वर्षाला 1 लाख 20 हजारची पॉलिसी घेतल्यावर दिली, पॉलिसीचं पाकीट वीस-बावीस दिवसांखाली आलं, मिसेसचे 75 हजार तेवढे आम्ही भरतोय."

भाऊ, हे वाचून मी आधी दिवस मोजले. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल असं किरकोळ कापून बाकी प्रीमियम परत येतो. तुमच्याकडं आता आठवडाच उरलाय, म्हणून तुम्हाला मेल कालच केलाय, इथं बाकीच्यांसाठी लिहितोय.

तुम्ही पाठवलेला तक्ता बघा. दहा वर्षं भरायचे म्हणजे 12 लाख, विसाव्या वर्षाअखेर 24 लाख, एजंट म्हणला डबल. पण पहिला हप्ता 20 वर्षं अडकतो, शेवटचा 11, सरासरी धरा साडेपंधरा. एवढ्या वर्षांत डबल म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के! तेच पैसे पीपीएफला आजच्या 7.1 टक्क्यांनी टाकले तर 35 लाखांच्या आसपास जातात, दर थोडा खालीवर होईल, तरी 11 लाखांचा फरक आहे. कशासाठी, तर 75 हजारच्या एका सीटसाठी. आणि पॉलिसीवर अशी सूट किंवा बक्षीस देणं विमा कायदा 1938 च्या कलम 41 प्रमाणं चालत नाही, देणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. एजंटला हे माहीत असतं, तरी गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

विमा म्हणावं तर कव्हर 12 लाख. दुकानाची उधारी आणि घर, किती दिवस पुरणार ते? तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) साधारण पंधरा-वीस हजारात बसतो.

त्यात तुम्हीच लिहिलंय की पोरीला नीटसाठी लातूरला ठेवायचंय. क्लास, हॉस्टेल, मेस, दोन वर्षं, रिपीट केलं तर तीन, आणि नेमके त्याच वर्षांत दुसरा-तिसरा-चौथा हप्ता येतो. सोयाबीनला भाव नाही लागला तर मेसचे पैसे भरणार का प्रीमियम? आणि एक-दोन हप्ते भरून मधीच सोडली तर भरलेल्यातला बराचसा पैसा जातो. कंपनीला आजच लेखी कळवा, पोच घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर थांबू नका. तो सीटचे पैसे मागेल. जायचंच असेल तर स्वतःचे भरून जा, नाहीतर यंदा राहू द्या.

आता सोन्याचं. ती 40 ग्रॅमची सवलत एक वर्षापेक्षा जास्त परदेशात राहून येणाऱ्या बाईला आहे, पाच दिवसांच्या टूरवाल्याला नाही. ड्युटी भरली तर भावातला फायदा राहत नाही, कस्टमला न सांगता ग्रीन चॅनलनं (ड्युटी भरण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांची वाट) निघालात तर जप्ती आणि दंड. चार तोळे उदगीरातच घ्या, हॉलमार्क बघून, तेही पोरीची फी बाजूला काढल्यावर.

खर्चाला दिरहमचं फॉरेक्स कार्ड, वर टॅक्सी-चहापाण्यापुरती कॅश, ती इथूनच बदलून न्या, विमानतळावर रेट वाईट मिळतो. साध्या क्रेडिट कार्डावर साधारण साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलायचा जादा चार्ज) आणि त्यावर जीएसटी, म्हणजे लाखाला चार हजार गेले. दुकानदारानं मशीनवर "रुपयात का दिरहमात" विचारलं तर दिरहमच म्हणा, रुपयात केलं की वाईट रेट लागतो. एका बिलाला 250 दिरहमच्या वर खरेदी झाली तर दुकानात पासपोर्ट दाखवून टॅक्स फ्रीचं बिल करून घ्या आणि परतताना बॅगा चेक-इन करायच्या आधी विमानतळावरच्या टॅक्स फ्री काउंटरला जा, 5 टक्के व्हॅटमधला बराचसा परत मिळतो.