आधी हातपाय, मग सेन्सर
नवी गाडी घेतलीस, छान! एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, बिनधास्त विसंब. जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली थरथरलं तर घाबरून पाय उचलू नकोस, दाबूनच धर. चाकं लॉक होत नाहीत, म्हणून गाडी वळवता येते.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझचं तसं नाही. ठरवलेला वेग धरून पुढच्या गाडीपासून अंतर ते राखतं, पण वेगात असताना रस्त्यात उभं असलेलं वाहन त्याला कळेलच असं नाही. गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या लेन असिस्टचा कॅमेरा तर पट्टे पुसट झाले, काचेवर चिखल उडाला की हात वर करतो, आणि तू तेव्हा पेंगत असतोस. ही दोन्ही मिळून होते लेव्हल २, म्हणजे स्टिअरिंग आणि वेगाला गाडीची मदत, पण जबाबदारी तुझीच. पहिले काही महिने ही दोन्ही बंदच ठेव. रिव्हर्स कॅमेरा खुशाल वापर, पण मानही वळव. माझी ती सवय सुटली आणि बंपर गेला.